सेल्फ-सपोर्टेड सायकल रेस पहिल्यांदा करताय? आधी आईच्या डब्याला ‘नको’ म्हणायला शिका

माझी पहिली सेल्फ-सपोर्टेड राईड, म्हणजे खास आपल्यासाठी आलेली कोणाचीही मदत न घेता करायची राईड, दीडशे किलोमीटरवर संपली. पाय संपले नव्हते, टायरही फाटला नव्हता, तुळजापूर नाक्याच्या अलीकडे आई डबा घेऊन उभी होती आणि मी तो घेतला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दह्याची वाटी. रस्त्याच्या कडेला बसून निवांत खाल्लं, बाटल्या घरातनंच भरून आणल्या आणि निघणार तेवढ्यात मागून आमच्यातलाच एक जण आला, मूळचा लातूरचा, नोकरीसाठी सोलापुरात भाड्याने राहतो, त्याने सायकल थांबवली, डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, “काय बे, माझा डबा कुठाय?”

चेष्टेत म्हणाला तो, पण माझ्या घशात घास अडकला. त्याने सकाळपासून हॉटेलं शोधत, रांगेत थांबत, सुट्ट्या पैशासाठी भांडत खाल्लं होतं आणि मी घरच्या दारात. घरी आल्यावर त्या दिवसाची वेळ मी आमच्या सायकल ग्रुपच्या वहीत लिहिलीच नाही.

हल्ली सोलापुरात बऱ्याच जणांनी ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राईड) करून झाल्यावर बॅगा बांधून लांबच्या रेसची स्वप्नं बघायला सुरुवात केलीय, रोज कोणीतरी विचारतं की बॅग कुठली घेऊ, टायर किती रुंदीचा घेऊ. नियमाचं कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना वाटतं नियम काय, आपलं आपण सायकल चालवायची. तर ते “आपलं आपण” म्हणजे नेमकं काय, हे सांगायला हा लेख.

आधी कुठल्या खेळात उतरताय ते बघा

लांब सायकलिंगचे तीन प्रकार लोक एकात एक मिसळतात, तिथूनच घोळ सुरू होतो.

पहिला प्रकार रॅम, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने ती पूर्ण केली आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी सोलो केली, हे आपल्याकडे बहुतेकांना माहिती आहे. पण ती सपोर्टेड रेस. मागे गाडी असते, गाडीत क्रू असतो, खायला तेच देतात, रस्ता तेच सांगतात. कष्ट कमी असतात असं अजिबात नाही, फक्त खेळ वेगळा.

दुसरा प्रकार ब्रेव्हे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. इथे नंबर नसतो, वेळेत आलात की झालं. ग्रुपने चालवा, एकमेकांच्या मागे चाक लावा, सगळं चालतं, बाहेरची मदत मात्र फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या नोंदीच्या ठिकाणी.

आणि तिसरा आपला, सेल्फ-सपोर्टेड, बिनआधाराचा. टूर डिव्हाइड घ्या, कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत साधारण ४,४०० किलोमीटर, बहुतेक कच्चा डोंगरी रस्ता, एन्ट्री फी नाही आणि बक्षीसही नाही. ट्रान्सकॉन्टिनेन्टल घ्या, माईक हॉलने २०१३ मध्ये सुरू केली, पहिल्या वर्षी लंडन ते इस्तंबूल, मधले कंट्रोल पॉइंट ठरलेले आणि त्यांच्यामधला रस्ता ज्याचा त्याने शोधायचा. ट्रान्स ॲम घ्या, ओरेगॉनच्या समुद्रापासून व्हर्जिनियाच्या समुद्रापर्यंत पावणेसात हजारच्या आसपास. या सगळ्यांत घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटच्या टोकालाच थांबतं. तुम्ही झोपा, जेवा, पंक्चर काढा, ते चालूच. आणि आठवडाभर तुमच्यावर लक्ष ठेवायला एकही पंच नसतो.

म्हणजे माळरानावर रात्री दोन वाजता नियम पाळला का मोडला हे फक्त तुम्हाला माहिती. मला विचाराल तर या खेळात मजाही तीच आहे आणि डोकेदुखीही तीच.

एकच प्रश्न पाठ करा: हे सगळ्यांना मिळतं का?

प्रत्येक रेसचं नियमांचं पान वेगळं असतं आणि ते पूर्ण वाचायचंच, दोनदा, पण त्या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे. मला जे मिळतंय ते माझ्या मागून येणाऱ्या, इथं कोणालाही न ओळखणाऱ्या रायडरलाही मिळेल का? मिळणार असेल तर घ्या, नाहीतर सोडा. नवख्यांना वाटतं मदत घेणंच चूक, मग बिचारे हॉटेलात पाणी मागायलाही घाबरतात, तसं काही नाही. पैसे टाकून जे कोणालाही मिळतं ते सगळं चालतं. मोहोळच्या स्टँडसमोरचा वडापाव, मेडिकलमधली ओआरएसची पाकिटं, पंक्चरवाला, लॉज, सगळं. देवळातला नळ, पाणपोई, पेट्रोल पंपाचा संडास, तेही चालतं, कारण ते उघडंच आहे.

आता खरी गंमत आपल्याकडे सुरू होते. परदेशातले नियम जिथे लिहिले तिथे फुकट जेवण ही विशेष गोष्ट असते, आपल्याकडे अक्कलकोटला अन्नछत्र आहे, रोज हजारो लोक जेवतात, कोणाला नाव-गाव विचारत नाहीत. ते चालतं का? माझ्या मते चालतं, एका अटीवर, रांगेत उभं राहायचं. ओळखीच्या सेवेकऱ्याने “तुम्ही लांबून आलाय, या इकडनं” म्हणून मागच्या दाराने नेलं की संपलं, कारण जेवण सगळ्यांना मिळतं पण मागचं दार सगळ्यांना मिळत नाही. आषाढीच्या आधी पंढरपूरच्या रस्त्यावर वारकऱ्यांना चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटत असतात, समोर येईल त्याच्या हातात ठेवतात, तेही तसंच. (त्या दिवसांत त्या रस्त्यावर रेस करूच नका हा वेगळा मुद्दा, गर्दी त्यांची आहे, रस्ता त्यांचा आहे.)

मावशीचं घर नाही चालत. मोहोळला मावशी, मंगळवेढ्याला मेव्हणा, तुळजापूरला पुजारी ओळखीचा, आपलं प्रत्येकाचं असं जाळं असतंच, आणि सोलापूर जिल्ह्यात सोलापूरच्या माणसाने रेस केली तर दर चाळीस किलोमीटरला एक पाहुणा निघतो. तुमच्या मागून येणाऱ्या कोल्हापूरच्या पोराला ती मावशी नाही. मित्राचं सायकलचं दुकान रात्री अकराला फोन करून उघडायला लावणं हेही त्याच खात्यात. पण हायवेवरचा पंक्चरवाला टपरीतच झोपलाय, पाटीवर “२४ तास” लिहिलंय, त्याला हाक मारून उठवलं तर ठीक, तो उद्या दुसऱ्यासाठीही उठेलच, शिव्या देत का होईना.

मधला भाग जरा धूसर आहे. जानेवारीत मंगळवेढ्याच्या बाजूला ज्वारी हुरड्यात असते, रस्त्याकडेच्या शेतातून कोणीतरी हात करून बोलावतं, “या की पाव्हणं, हुरडा खावा,” तुम्ही मागितलेलं नाही, त्याला तुम्ही कोण माहिती नाही, तुमच्या जागी दुसरा असता तरी त्याने बोलावलंच असतं. अशी अचानक, न मागता मिळालेली माया बहुतेक रेसमध्ये खपवून घेतात, काही ठिकाणी मात्र तेही नको म्हणतात, म्हणून आधी वाचायचं. पण तोच माणूस जर फोनवर तुमचा ट्रॅकर (तुम्ही कुठे आहात ते नकाशावर दाखवणारं यंत्र) बघत, तुम्ही येणार म्हणून पाण्याची बाटली घेऊन उभा असेल तर घ्यायचं नाही. पाणी तेच, रस्ताही तोच, फक्त तो तुमच्यासाठी आलाय.

नको म्हणायचं कसं

हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं आणि आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड जातं. आपल्यात पाण्याला नको म्हणणं म्हणजे माणसाला नको म्हणणं. मी दोन-तीन वर्षं वेगवेगळे उपाय करून बघितले. “रेसचा नियम आहे” म्हटलं की लोक म्हणतात इथं कोण बघतंय. “पोट भरलंय” म्हटलं की बांधून देतात. शेवटी एका दोस्ताने सांगितलेला उपाय सगळ्यात भारी निघाला, “आज उपवास धरलाय” म्हणायचं, लगेच समोरचा माणूस हात जोडतो, कोणी आग्रह करत नाही. अडचण एवढीच की एकदा तिऱ्ह्याजवळ मी असं म्हटल्यावर त्या काकू आत गेल्या आणि शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या.

घरच्यांना मात्र आधीच बसवून नीट सांगायचं, आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी. बघायला या, टाळ्या वाजवा, फोटो काढा, हातात काही देऊ नका, सायकल धरू नका, पुढे दुकान उघडं आहे का तेही सांगू नका. माझ्या वडिलांना हे लगेच पटलं, त्यांना क्रिकेटचं वेड आहे, बाराव्या खेळाडूने बॅटिंग करायची नाही एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. आईचं वेगळं आहे, ते शेवटी सांगतो.

दुसऱ्याच्या चाकामागे लागू नका, ट्रॉलीच्या तर नाहीच

ड्राफ्टिंग म्हणजे पुढच्याच्या चाकामागे लपून वारा वाचवणं. ब्रेव्हेत हे रोजचं असल्याने सवय मोडायला वेळ लागतो. सोलो रेसमध्ये बंदी असते. गप्पा मारत थोडा वेळ शेजारी शेजारी चालवलं तर सहसा कोणी काही म्हणत नाही, पण तासभर सोबत चाललात, एकाच हॉटेलात थांबलात, एकदमच निघालात, तर ट्रॅकरवर दोन ठिपके चिकटलेले दिसतात आणि लोक विचारतात. जोडीने करायची हौस असेल तर ट्रान्सकॉन्टिनेन्टलसारख्या रेसमध्ये जोडीचा वेगळा गट असतो, तिथे दोघांनी एकमेकांना वारा द्यायला, सामान वाटून घ्यायला परवानगी असते. सोलोमध्ये नाव घालून जोडीने चालवायचं हे बरोबर नाही.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. कारखाने सुरू झाले की रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, वेग वीस-पंचवीसचा, आणि समोरून मोहोळच्या बाजूचा वारा आला की त्या उसाच्या भिंतीमागे इतकं शांत वाटतं की पाय आपोआप हलके होतात. मोह होतो, मलाही झालाय. पण वाहनामागे लपणं हेही ड्राफ्टिंगच, आणि ट्रॉलीला हात लावून जाणं म्हणजे तर सरळ मोटारीवर बसणं. नियमाचं सोडा, त्या ट्रॉलीला मागे लाईट नसतो, ब्रेक मारला तर तुम्हाला कळणार नाही आणि वरून मोळी सुटली तर विचारूच नका. बाजूने जागा मिळाली की मोकळेपणाने पुढे जायचं नाहीतर पन्नास मीटर मागे राहायचं आणि वाऱ्याच्या शिव्या खायच्या.

एक गोष्ट सांगतो, मला फार आवडते. २०१६ ची ट्रान्स ॲम, शेवटची रात्र, पुढे असलेला रायडर थोडा झोपून उठला आणि झोपेच्या गुंगीत उलट्या दिशेने निघाला, तर समोरून अमेरिकेची रायडर लेल विल्कॉक्स आली. तेव्हा त्याला कळलं आपण चुकलो. त्याने विचारलं, आता सोबतच जाऊ शेवटपर्यंत? ती म्हणाली नाही, ही रेस आहे. आणि निघाली, १८ दिवस १० मिनिटांत पोहोचली, पुरुषांसकट सगळ्यांत पहिली. आमच्या कट्ट्यावर यावर दोन तट पडले, एक जण म्हणाला काय हे, माणुसकी आहे का. मला वाटतं त्याला रस्त्यात पडलेला बघून ती पुढे गेली असती तर माणुसकीचा प्रश्न होता, तो ठणठणीत होता, फक्त हरत होता.

कोणी खरंच पडलं असेल, रक्त आलं असेल, ऊन लागलं असेल तर मात्र सगळे नियम बाजूला, थांबायचं. एवढं कुठल्याही संयोजकाला पटतं.

रस्ता सोडला तिथूनच पुन्हा धरा

दोन प्रकारच्या रेस असतात. ठरलेल्या रस्त्याच्या रेसमध्ये तुम्हाला जीपीएक्स फाईल, म्हणजे नकाशावर आखलेली रस्त्याची रेघ, देतात आणि ती रेघ इंच न इंच चालवायची असते. जेवायला, झोपायला, दुकानात जायला रेघ सोडली तर जिथून सोडली तिथेच परत येऊन पुढे निघायचं. रेघ गावाला वळसा घालून जात असेल आणि गावातून सरळ गेलं की तीन किलोमीटर वाचत असतील तर जेवून झाल्यावर उलटं मागे येणं जिवावर येतं, माहितीये, तरी यायचं. मोकळ्या रस्त्याच्या रेसमध्ये कंट्रोल गाठायचे, मधलं तुम्ही बघा, पण तिथेही बंद केलेले रस्ते, बोगदे यांची यादी असते, ती नीट वाचा.

गाडीत बसून पुढे सरकणं कुठेच चालत नाही. सायकल मोडली म्हणून टेम्पोने मागच्या गावात दुरुस्तीला गेलात तर काही रेसमध्ये चालतं, काहीत नाही, पण जिथे चालतं तिथेही परत त्याच किलोमीटरच्या दगडापाशी येऊन सायकलवर बसायचं. म्हणून मोडलं की पहिलं काम, त्या जागेचा फोटो.

सामान: जे नेलं ते शेवटपर्यंत आपलंच

इथे मी थोडक्यात आवरतो कारण बॅगांवर सगळेच बोलतात. नियमाच्या बाजूने सांगायचं तर वाटेत आधीच सामान लपवून ठेवायचं नाही, ढाबेवाल्याकडे आदल्या दिवशी बॅग ठेवायची नाही, जड झालं म्हणून जर्किन मित्राच्या हातात द्यायचं नाही. आणि सोलो असाल तर दुसऱ्या रायडरकडून ट्यूब-पंप मागायचं नाही, त्यानेही देऊ नये. हा नियम ऐकायला कठोर वाटतो. पण एकाने तीन ट्यूबांचं वजन ओढलं, दुसरा एक घेऊन उडत आला आणि अडल्यावर पहिल्याकडे हात पसरला, तर पहिला वेडा का?

आपल्याकडे बाभळीचे काटे. मी दोन ट्यूब, पॅच, टायरमध्ये आतून घालायला टायरचाच जुना तुकडा, चेनचा क्विक लिंक, डिरेलियर हँगर, मल्टीटूल एवढं घेतो, पंप दोन वेळा चालवून बघतो. डिरेलियर हँगर (मागचा गिअर ज्यावर बसतो तो तुकडा) विसरू नका, बहुतेक सायकलींचा वेगवेगळा असतो, ऐन वेळी हायवेवर मिळणारी ही वस्तू नाही. पुढचे-मागचे लाईट, बॅटरी बँक, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, हेल्मेट, यात तडजोड नको, बऱ्याच संयोजकांना हे स्टार्टलाच दाखवावं लागतं. लॉजसाठी आधारकार्ड. आणि आत शिरताच मॅनेजरला विचारा सायकल खोलीत नेऊ देणार का, पैसे भरल्यावर नाही.

ट्रॅकर, पावत्या आणि फोन

परदेशी रेसमध्ये प्रत्येकाकडे सॅटेलाईट ट्रॅकर असतो, घरी बसलेले लोक दिवसभर नकाशावरचे ठिपके बघत बसतात. आपल्याकडे सांभाळा, भारतात परवानगीशिवाय सॅटेलाईटवर मेसेज पाठवणारी यंत्रं बाळगणं बेकायदा आहे, एअरपोर्टवर बाहेरच्या पर्यटकांनाही त्यावरून पोलिसांना सामोरं जावं लागलंय. तेव्हा ऑनलाईन स्वस्तात दिसलं म्हणून मागवू नका. सरावाला मोबाईलचं लाईव्ह लोकेशन आणि जीपीएस कॉम्प्युटरची फाईल पुरते.

पुरावा मात्र ठेवायचाच, ट्रॅकर बंद पडतात. आपल्याकडे यूपीआयने हे काम फार सोपं केलंय, पंढरपुरात सात वाजून चार मिनिटांनी चहाचे पैसे दिले ही नोंद तुम्हाला खोटी पाडता येत नाही. कागदी पावती मिळाली तर लगेच फोटो काढा, तो थर्मल कागद बॅगेत उन्हाने काळा पडतो, मग त्यावर काहीच वाचता येत नाही.

फोनवर बोलायला बंदी नसते, घरी खुशाली सांगा. पण “पुढे लॉज बुक करून ठेव”, “पाऊस कुठे आहे बघ”, “मागचा किती लांब आहे” हे दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही. स्वतःच्या फोनवर स्वतः शोधा, ते कोणालाही करता येतं. इथेही तोच प्रश्न लावा, उत्तर मिळतं. मागे-पुढे कॅमेरेवाले हिंडत असतील तर त्याचीही चर्चा होते, २०१९ च्या टूर डिव्हाइडमध्ये एका नामवंत रायडरचं शूटिंग करणाऱ्यांवरून बराच वाद झाला होता, कारण ओळखीचा चेहरा सतत आजूबाजूला दिसणं हाही एक आधारच, असं काहींचं म्हणणं. मला ते थोडं ताणलेलं वाटतं, पण रात्री एकट्याने घाट चढताना मित्राची गाडी मागे हळूहळू येत असेल तर भीती निम्मी होते हेही खरं.

झोप आणि ऊन

नियमात बहुतेक ठिकाणी झोपेची सक्ती नसते म्हणून नवखे पहिल्याच रात्री न झोपण्याचा पराक्रम करतात. माईक हॉल, ज्याने ट्रान्सकॉन्टिनेन्टल उभी केली, तो ३१ मार्च २०१७ ला ऑस्ट्रेलियात इंडियन पॅसिफिक व्हील रेसमध्ये पहाटेच्या अंधारात गाडीच्या धडकेने गेला आणि ती रेस तिथेच थांबवली. त्याच्यासारखा जाणता माणूस अंधारात सुरक्षित नव्हता. पेंग आली की उतरा, पंपाच्या कडेला वीस मिनिटं डोळे मिटा. वाहतुकीचे नियम मोडून, उलट्या बाजूने येऊन वाचवलेली वेळ ही सुद्धा चोरीच, दुसरा सिग्नलला थांबला होता.

सोलापुरात मार्च ते मे सराव करायचा तर पहाटे चारला निघून दहाच्या आत घरात. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तिथे शौर्य दाखवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा मोसम, फक्त तेव्हाच उसाच्या ट्रॉल्याही असतात.

सराव: सोलापूरचा आठ

आता कामाचं. परदेशी रेसचा अर्ज भरण्याआधी हे एकदा करा. चार हुतात्मा पुतळ्यापाशी सुरुवात, तिथून मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा, माचणूर, तिऱ्हे करत परत सोलापूर, हे झालं साधारण दीडशे. मग न थांबता तुळजापूर, नळदुर्ग, अक्कलकोट आणि पुन्हा पुतळा, हे एकशेसाठच्या आसपास. नकाशावर आठचा आकडा दिसतो आणि त्याच्या बरोबर मध्ये तुमचं घर.

घर मध्ये आहे म्हणूनच हा रस्ता चांगला. पहिला फेरा सपाट आहे, वाऱ्याचा त्रास सोडला तर सगळं सोपं जातं, पंढरपूरला खायला हवं ते मिळतं, भीमेच्या काठाने संध्याकाळ छान जाते. मग तुम्ही अंधारात थकून आपल्याच गावात शिरता, आपली गल्ली दिसते, आणि तुम्हाला आपल्याच गावात पाहुण्यासारखं वागायचं असतं. झोपायचं तर स्टेशनजवळ लॉज घ्यायचा, पैसे देऊन. लॉजवाला आधारकार्डावर सोलापूरचा पत्ता बघून संशयाने बघतो, एकाने मला सरळ विचारलं घरी भांडण झालंय का. जेवायचं तर हॉटेलात. नाक्यावरून घराचा दिवा दिसत असताना पुढे जायचं आणि तुळजापूरचा घाट अंधारात चढायचा. हे जमलं तर बाकीचे नियम जमतात.

सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एक पान लिहा, काय चालणार, काय नाही, अन्नछत्र चालणार का, हुरडा चालणार का, आणि सगळ्यांनी सही करा. वाद आधी झालेला बरा. आणि चूक झाली तर संध्याकाळच्या आत स्वतः सांगा, दुसऱ्याने पकडायची वाट बघू नका. आमच्यातल्या एकाने नळदुर्गच्या अलीकडे जुन्या सहकाऱ्याच्या गाडीतून थंड पाण्याची बाटली घेतली, त्याच्याशिवाय कोणालाच माहिती नव्हतं, त्याने ग्रुपवर लिहिलं, आम्ही त्याच्या वेळेत एक तास वाढवला, तो खूश, आम्ही खूश. मी डब्याच्या दिवशी स्वतःला नाव काढून टाकायची शिक्षा दिली कारण बाटली आणि सबंध जेवण यात फरक आहे, आणि मला ते दही फार आवडलं होतं. फारच अडलं, शरीर नाही म्हणालं तर सोडून द्या, याला स्क्रॅच म्हणतात, पण संयोजकाला कळवल्याशिवाय घरी जाऊन झोपू नका, इकडे लोक रात्रभर बंद पडलेला ठिपका बघत तुम्हाला खड्ड्यात शोधत असतात.

आईचं राहिलं. दुसऱ्या वर्षी मी तिला सगळं समजावलं, सगळ्यांना मिळतं तेच घ्यायचं असतं, फक्त मला मिळतं ते नाही. तिने नीट ऐकून घेतलं, काही बोलली नाही. ‘सोलापूरचा आठ’ करायच्या दिवशी रात्री नऊच्या सुमाराला मी नाक्याच्या अलीकडे आलो तर आमच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला रांजण, वर झाकण, साखळीने बांधलेला पेला आणि पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं, “पाणी. सगळ्यांसाठी.” ती खुर्ची टाकून बाजूला बसली होती, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. एक रिक्षावाला पाणी पीत उभा होता.

चालतं का ते? मी दोन मिनिटं सायकलवर एक पाय टेकवून विचार करत उभा राहिलो आणि तसाच निघालो, तुळजापूर नाक्यावर वीस रुपयांची बाटली घेतली. मागून लातूरवाला आला, त्याने दोन पेले प्याले, आईला नमस्कार केला, ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, माझा डबा मिळाला. त्यावर आमची चर्चा अजून चालू आहे, रांजणही तिथंच आहे.